लिटरवर रंगवलेल्या पाट्या

शिरूरहून न्हावरे, पारगावचा भीमेवरचा पूल, केडगाव चौफुला आणि मग सोलापूर रस्त्याने वरवंड. बैठकीच्या तयारीसाठी गेल्या काही आठवड्यांत या वाटेने आम्ही चार खेपा केल्या. मोटारसायकलवर मागे बसणाऱ्याला काम नसते. तो पाट्या वाचतो.

उसाच्या ट्रॉलीमागे लिहिले होते, 'हप्ते चालू आहेत, अंतर ठेवा.' कांद्याच्या टेम्पोमागे होते, 'आत कांदा आहे, रडण्याचे कारण मालकाला विचारा.' चहाच्या टपरीवर 'आज रोख, उद्या उधार'. ही पाटी इतकी जुनी की तिच्यातला उद्या अजून उजाडलेला नाही. एका मोटारसायकलच्या टाकीवर, 'गाडी मागू नये, मागितल्यास टाकी भरून आणावी.' पुण्याच्या पेठांतल्या पाट्यांचे कौतुक वर्तमानपत्रांत फार होते. तिथली पाटी माणसाने दाराची कडी वाजवू नये म्हणून असते, आमच्या रस्त्यावरची पाटी माणसाने थांबावे म्हणून असते. असो.

वरवंडच्या अलीकडे मागचे चाक बसले. पंक्चरच्या दुकानावर पत्र्याची पाटी होती, 'हवा फुकट पाहिजे असल्यास बाभळीखाली बसावे.' आम्ही हसलो. पंक्चर निघाले, दुकानदाराने सांगितले तेवढे पैसे आम्ही मुकाट्याने काढून दिले. निघताना विचारले, "काका, ही पाटी कोणाच्या डोक्यातून निघाली?"

"आमच्याच की. पाटी वाचून गिऱ्हाईक हसतं. अन् हसलेला माणूस पैसे देताना खळखळ करत नाही, भाऊ."

या एका वाक्यासाठी पंक्चरचे पैसे वसूल झाले असे आम्ही समजतो. कारण डिझेलच्या दराविषयी या पत्रकात काय लिहावे याचा आम्ही महिनाभर विचार करत होतो, आणि काकांनी ते चाकातली हवा तपासता तपासता सांगून टाकले. लिटरमागे आपण जे पैसे देतो त्यावरही सरकारने वेळोवेळी पाट्या रंगवलेल्या आहेत. पाटी वाचून माणूस खळखळ करत नाही. फरक एवढाच की या पाट्या वाचून कोणी हसल्याचे आम्ही ऐकलेले नाही. उलट बऱ्याच जणांना त्या खऱ्या वाटतात.

ट्रकच्या मागच्या 'हॉर्न ओके प्लीज' पासूनच सुरुवात करू. त्यातल्या 'ओके'ची एक कथा ड्रायव्हर मंडळी सांगतात. दुसऱ्या महायुद्धात डिझेलची टंचाई झाली, ट्रक रॉकेलवर चालू लागले, रॉकेल लवकर पेट घेते म्हणून मागच्याने अंतर ठेवावे यासाठी 'केरोसीनवर आहे' अशा अर्थाची ही दोन इंग्रजी अक्षरे आली. कथा खरी की रचलेली यावर पैज लावायला आम्ही तयार नाही, पण इंधनाची टंचाई गेली तरी पाटी मागे उरते एवढे त्यातून दिसते. २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी ही अक्षरे ट्रकवर लिहायला मनाई केली. पाटी वाचून लोक विनाकारण हॉर्न वाजवतात, असे कारण दिले होते.

ज्या साली ट्रकच्या मागची पाटी पुसायचा हुकूम निघाला, त्याच साली सरकारने लिटरवर एक नवी पाटी रंगवली. २०१५ च्या सप्टेंबरअखेर, पाऊस दगा देऊन गेल्यावर, राज्य सरकारने दुष्काळ निवारणासाठी पैसा हवा म्हणून पेट्रोल आणि डिझेलवर लिटरला दोन रुपये वाढवले. दारू, सिगारेट आणि सोन्यावरही कर वाढवला. आर्थिक वर्ष संपेपर्यंत सोळाशे कोटी रुपये उभे करायचे असे तेव्हा सांगितले गेले. पाटीवर शब्द होता 'दुष्काळ'. आता दुष्काळ पडला कोणावर? कान्हूर मेसाई, केंदूर, पाबळवर पडला. पडवी, कुसेगाव, खोरवर पडला. बीड, लातूर, उस्मानाबादवर तर काही शिल्लकच ठेवले नव्हते. त्या साली ज्याची विहीर आटली तो टँकरची वाट पाहत होता, आणि टँकर डिझेलवर चालतो. ज्याच्या दावणीला जनावर होते तो दूरवरून कडब्याचा ट्रक आणत होता, तोही डिझेलवर. दुबार पेरणी करणाऱ्याचा ट्रॅक्टरही डिझेलवरच होता. म्हणजे दुष्काळग्रस्ताला मदत करण्यासाठी लागणारी वर्गणी पहिल्यांदा दुष्काळग्रस्ताच्याच खिशातून काढली. पुढे पाऊस पडला, नद्या वाहिल्या, पण हा अधिभार काही त्या पुरात वाहून गेला नाही. टंचाई संपल्यावरही पाटी राहते, हे वर सांगितलेच आहे.

दुसरी पाटी सोलापूर रस्त्यावर राहणाऱ्यांना चांगली आठवत असेल. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारू विकायला बंदी केली आणि १ एप्रिल २०१७ पासून ती लागू झाली. रस्त्याकडेच्या 'परमिट रूम' च्या पाट्यांवर एका रात्रीत चुना फासला गेला. काही मालकांनी तेवढा 'परमिट' शब्द पुसून 'रूम' ठेवला. मायबहिणींना बरे वाटले, आम्हालाही वाटले. मात्र राज्याच्या तिजोरीला दारूच्या महसुलाची जी खोट आली ती भरून काढायला त्याच एप्रिल महिन्यात पेट्रोलवरचा अधिभार लिटरला तीन रुपयांनी वाढवला. ज्याने उभ्या आयुष्यात बाटलीला हात लावला नाही असा माळकरी एसटी चुकली म्हणून मोटारसायकलने आळंदीला निघाला, तर त्याने बंद पडलेल्या बारचा तोटा भरून द्यायचा! पुढे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पेट्रोल दोन रुपयांनी आणि डिझेल एक रुपयाने कमी केले, तेही सांगितले पाहिजे. न्यायालयाने नंतर बंदी सैल केली, परमिट रूमच्या पाट्या पुन्हा रंगल्या.

या दोन पाट्या मुंबईने रंगवलेल्या. तिसरी दिल्लीची आहे, आणि कापूस पिकवणाऱ्या प्रत्येकाने ती चष्मा लावून वाचावी अशी आमची विनंती आहे.

१ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात 'कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर' नावाचा नवा कर आला. दुसऱ्या दिवसापासून तो पेट्रोलवर लिटरला अडीच रुपये आणि डिझेलवर लिटरला चार रुपये लागू झाला. इतर उत्पादन शुल्क तेवढेच कमी केल्यामुळे पंपावरचा दर हलला नाही, म्हणून फारशी ओरडही झाली नाही. पण पाटी बदलली. ट्रॅक्टरमध्ये ओतलेल्या प्रत्येक लिटरमागे चार रुपये आता 'शेतीसाठी' झाले. नांगरट करणारा शेतकरी शेतीच्या नावाने कर भरू लागला.

यात आणखी एक मेख आहे. उत्पादन शुल्कातला मूळ कर राज्यांना वाटून द्यावा लागतो, उपकर आणि अधिभार वाटून द्यावे लागत नाहीत, तसे घटनेतच आहे. त्या फेब्रुवारीत डिझेलवर केंद्राचे लिटरला एकूण ३१ रुपये ८० पैसे होते. त्यातला मूळ कर फक्त १ रुपया ८० पैसे. बाकी तीस रुपयांवर निरनिराळ्या पाट्या होत्या, त्यांतली सर्वांत मोठी अठरा रुपयांची, 'रस्ते आणि पायाभूत सुविधा'. शेतात चालणारा ट्रॅक्टर, मळणी यंत्र, विहिरीवरचे डिझेल इंजिन यांनी लिटरला अठरा रुपये रस्त्यासाठी द्यायचे. आणि माल टेम्पोत घालून रस्त्यावर आलो की पाटसला टोलनाका उभाच आहे. रस्त्याचे पैसे टाकीत भरले म्हणून टोलवाला कोणाला सोडत नाही.

आता त्या कृषी उपकराची दुसरी बाजू. त्याच अर्थसंकल्पात परदेशातून येणाऱ्या कापसावर आयात शुल्क बसवले. पाच टक्के मूळ सीमाशुल्क, पाच टक्के हाच कृषी उपकर, आणि वरचा समाजकल्याण अधिभार धरून अकरा टक्के. म्हणजे एकच पाटी दोन ठिकाणी लागली. डिझेलवर लागली तिथे ती शेतकऱ्याकडून पैसे घेते. बाहेरच्या कापसावर लागली तिथे ती, थोडी का होईना, शेतकऱ्याच्या कापसाला आडोसा देते.

पुढे काय झाले? २०२२ च्या वसंतात कापसाला क्विंटलला दहा हजाराच्या वर भाव मिळू लागला. कित्येक वर्षांनी कापूसवाल्याच्या घरात दोन पैसे आले. लगेच १४ एप्रिल २०२२ पासून बाहेरच्या कापसावरचे शुल्क माफ झाले, त्यात हा कृषी उपकरही गेला. १९ ऑगस्ट २०२५ पासून पुन्हा माफ झाले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. नवा कापूस बाजारात येण्याचे नेमके हेच दिवस. गिरण्यांनी मागणी केली की कापसावरची पाटी उतरते. डिझेलवरची चार रुपयांची पाटी या दोन्ही वेळी जागची हलली नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने डिझेलवरचे दहा रुपये आणि मे २०२२ मध्ये आणखी सहा रुपये कमी केले, जुलै २०२२ मध्ये राज्याने तीन रुपये कमी केले. हे झाले आणि ते चांगले झाले. पण केंद्राच्या या दोन्ही कपातींत कमी झाला तो रस्त्याचा उपकर. शेतीच्या नावाचा तेवढा जपून ठेवला.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, पंपावर आणखी एक पाटी आहे. ती दिसत नाही, पण सगळ्यांत मोठी आहे. ती म्हणते, 'खुला बाजार'.

आम्ही कृषी महाविद्यालयात शिकत होतो त्या काळात, १ एप्रिल २००२ ला, सरकारने तेलाचे दर ठरवण्याची जुनी पद्धत संपवल्याचे जाहीर केले. वसतिगृहात आम्ही त्याचे समर्थन करत होतो. बाजार खुला झाला पाहिजे, सरकारने भावात हात घालू नये, हे आमचे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर मोकळे झाले, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे. १६ जून २०१७ पासून दर रोज सकाळी बदलू लागले. जगात भाव वाढला तर इथे वाढेल, उतरला तर इथे उतरेल, असे सांगितले गेले. खुल्या बाजाराचा अर्थ तोच आहे.

प्रत्यक्षात? २०१४ च्या मध्यात कच्च्या तेलाचे पिंप शंभर डॉलरच्या वर होते. जानेवारी २०१६ मध्ये ते तीस डॉलरच्या खाली आले. या दीड वर्षात केंद्राने डिझेलवरचे उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवले, एकूण १३ रुपये ४७ पैशांनी. २०१४ मध्ये हे शुल्क लिटरला साडेतीन रुपयांच्या आसपास होते. जगात तेल उतरले, त्याचा बराचसा फायदा वाटेतच अडला.

२०२० साली तर कमाल झाली. कोरोनाने सारे जग घरात बसले, तेलाला गिऱ्हाईक उरले नाही. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेच्या वायदेबाजारात तेलाचा भाव शून्याच्या खाली गेला. पिंप घेऊन जा आणि वर पैसेही घ्या, अशी अवस्था. आपल्याकडे काय झाले? मार्चमध्ये शुल्क तीन रुपयांनी वाढले होतेच. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका रात्रीत डिझेलवर आणखी तेरा रुपये वाढले आणि एकूण शुल्क ३१ रुपये ८३ पैसे झाले. पंपावरचा आकडा त्या रात्री हलला नाही म्हणून कोणाला जाणवले नाही. तो आकडा खाली यायला हवा होता, तो आला नाही, इतकेच. पुढे ७ जूनपासून रोज दर वाढू लागला आणि त्याच महिन्यात दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झाले. आम्ही शिकलो, वाढलो त्या काळात असे कधी घडले नव्हते. खरिपाच्या पेरणीचा तो महिना होता.

आणि हा रोज सकाळी बदलणारा दर निवडणूक आली की झोपतो. ४ नोव्हेंबर २०२१ ते २१ मार्च २०२२ असे १३७ दिवस पंपावरचा आकडा पैशानेही बदलला नाही. मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, तेल भडकले, तरी नाही. उत्तर प्रदेश, पंजाब, गोव्यासह पाच राज्यांचे निकाल १० मार्चला लागले, आणि २२ मार्चपासून सोळा दिवसांत लिटरला दहा रुपये वाढले. याला खुला बाजार म्हणायचे असेल तर टपरीवरच्या 'उद्या उधार' ला बँकेची हमी म्हणायला हरकत नाही.

खुल्या बाजाराची पाटी आपल्यालाही लावलेली आहे, पण उलटी. तेलाचा भाव जगात उतरला तर कर वाढतो, म्हणजे तो आपल्यापर्यंत पोचत नाही. कापसाचा भाव चढला तर आयात खुली होते, म्हणजे तोही आपल्यापर्यंत पोचत नाही. आपल्यापर्यंत जे पोचते ते नुकसान. कोणी डाव्या विचाराचा असो की उजव्या, याचे उत्तर त्याने द्यावे.

आता एक गोष्ट आपल्या विरुद्ध जाणारी आहे. ती आपणच आधी सांगितलेली बरी, नाहीतर बैठकीत कोणी शिकलेला उठून सांगेल. २०१४-१५ साली माळदांडी ज्वारीचा हमीभाव १,५५० रुपये होता. त्या जूनच्या दिल्लीच्या दराने एका क्विंटलात सत्तावीस लिटर डिझेल येत होते. २०२४-२५ साली हमीभाव ३,४२१ रुपये झाला, आणि मार्च २०२४ मध्ये लिटरला दोन रुपये उतरल्यानंतरच्या दिल्लीच्या दराने एका क्विंटलात एकोणचाळीस लिटर येत होते. म्हणजे कागदावर शेतकरी बारा लिटरने सुधारला! हिशेब आम्ही दोनदा तपासला, चूक नाही.

पण हमीभाव हीही एक पाटीच आहे. पंपावरची पाटी आणि बाजार समितीतली पाटी यांत फरक आहे तो असा. पंपावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा पाच पैसे कमी देऊन पाहा, पाइप टाकीतून बाहेर येईल. समितीच्या भिंतीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा पाचशे कमी घेऊन पाहा, कोणी विचारणार नाही. चांगल्या साली पुण्या-सोलापूरच्या बाजारात टपोऱ्या माळदांडीला हमीभावापेक्षा जास्त मिळते, ते खरे आहे, आणि ते सरकारमुळे नव्हे, खाणाऱ्याच्या जिभेमुळे मिळते. खरिपाची हायब्रीड ज्वारी पावसात सापडून काळी पडली की तिला कोण विचारतो ते मराठवाडा आणि विदर्भातल्या भावांना सांगायला नको. कापसाचेही तेच. ज्याला खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत थांबता येते त्याला पाटीवरचा भाव. ज्याच्या पोरीचे लग्न आहे, ज्याच्या दारात सावकार आहे, त्याला गावातल्या व्यापाऱ्याचा भाव. शिवाय केंद्रापर्यंतचे भाडे, हमाली, तोलाई, वाराई धरा. ते भाडे पुन्हा डिझेलच.

शिवारात डिझेल कुठे कुठे जाते याचा हिशेब आपल्यातले फार थोडे लोक मांडतात. ज्याचा स्वतःचा ट्रॅक्टर नाही तो म्हणतो, माझा डिझेलशी काय संबंध? काळ्या जमिनीत पलटी नांगराला एकरी सहा-आठ लिटर सहज लागते. मग रोटाव्हेटर, मग पेरणी, मग मळणी. ट्रॅक्टरवाला भाड्याचा दर वाढवताना डिझेलचे कारण सांगतो आणि डिझेल उतरले तर भाडे उतरवत नाही. तोही सरकारकडूनच शिकलेला. सात लिटर धरले तर २०२० च्या मे महिन्यातल्या त्या एका रात्रीचे तेरा रुपये म्हणजे नुसत्या नांगरटीला एकरी नव्वद रुपये. पाच एकर जिरायतवाल्याचे साडेचारशे. कोणी म्हणेल, साडेचारशे रुपयांनी काय होते? साडेचारशे रुपयांत पेरणीच्या वेळी बियाणे येते, आणि ते उसने मागायला कोणाच्या दारात जावे लागते ते ज्याचे त्याला माहीत.

पूर्वी हे काम बैल करत होता. बैलाचे डिझेल म्हणजे कडबा, तो आपल्याच रानात ज्वारीबरोबर फुकट पिकत होता आणि त्यावर दिल्लीत कोणाला उपकर लावता येत नव्हता. म्हणून आता बैलाकडे परत चला असे आम्ही म्हणणार नाही. वर्षातले चाळीस-पन्नास दिवस काम आणि तीनशे पासष्ट दिवस वैरण हा हिशेब लहान शेतकऱ्याला परवडला नाही म्हणूनच दावणी रिकाम्या झाल्या. ज्यांनी कधी पाभरीमागे चालून पाहिले नाही त्यांनी बैलाची कविता करावी.

जाता जाता पेट्रोलच्या पंपावर चिकटवलेल्या 'ई-२०' विषयी दोन शब्द. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. इथेनॉल उसाचे आणि धान्याचे. इथून दूर नसलेल्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेने कितीतरी वर्षांपूर्वी गोड ज्वारीच्या धाटाच्या रसापासून इथेनॉल काढून दाखवले, 'मधुरा' नावाचा वाण तयार केला. वर कणीस खायला, धाटातला रस इंधनाला, चोथा जनावराला. २०१८ च्या जैवइंधन धोरणात गोड ज्वारीचे नावही आहे. पण कारखाना उसाच्या पट्ट्यात उभा राहतो, ज्वारीच्या पट्ट्यात नाही. या विषयावर स्वतंत्र अंक काढावा लागेल.

बैठकीपुढे दोन ठराव यायचे आहेत. पहिला काही तरुण कार्यकर्त्यांनी पाठवला आहे. शेतकऱ्याला कार्डावर स्वस्त डिझेल मिळावे, असा. त्यांच्या तळमळीविषयी आम्हाला आदर आहे, पण आम्ही या ठरावाच्या विरोधात बोलणार आहोत. स्वस्त डिझेलचे कार्ड म्हणजे नवा अर्ज, नवा सातबारा, नवी रांग आणि नवा दलाल. ज्याच्या नावावर जमीन नाही पण जो वाट्याने कसतो त्याला ते मिळणार नाही. ज्याने ट्रॅक्टर भाड्याने आणला त्यालाही नाही. रॉकेलच्या निळ्या रंगाचे काय झाले ते आपण पाहिलेले आहे. आपल्या खिशातून आधी घ्यायचे आणि मग त्यातले चार आणे मदत म्हणून परत द्यायचे, आणि त्या चार आण्यांच्या पाटीवर फोटो लावायचा, हा खेळ आपण वाढवू नये. आधी घेऊच नका, एवढेच आपले मागणे असावे.

राज्य चालवायला पैसा लागतो, शाळा, दवाखाने, रस्ते कशातून करायचे, असा प्रश्न येईल आणि तो रास्त आहे. कर घ्या, पण कराला कर म्हणा. दुष्काळाच्या नावाने घेतला तर दुष्काळ संपल्यावर बंद करा. शेतीच्या नावाने घेतला तर या तालुक्यात त्यातून कोणते गोदाम, कोणते शीतगृह उभे राहिले ते गावसभेत येऊन वाचून दाखवा. डिझेल वस्तू व सेवा कराच्या बाहेर ठेवले आहे, १ जुलै २०१७ पासून. ते का, तेही सांगा.

म्हणून दुसरा ठराव आमचा आहे आणि तो साधा आहे. दिल्लीच्या दराची फोड तेल कंपन्या प्रसिद्ध करतात. तेलाचे किती, केंद्राचे किती, राज्याचे किती, पंपवाल्याचे कमिशन किती. तीच फोड दौंड आणि शिरूर तालुक्यातल्या प्रत्येक पंपावर, दराच्या आकड्याशेजारी, मराठीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लावावी. उपकर असेल तर त्याचे नावही लिहावे. पंपमालकांशी आपले भांडण नाही. त्यांच्यातल्या दोघा-तिघांशी आम्ही बोललो, त्यांची ना नाही, वरून परवानगी आणा म्हणतात. परवानगीचे निवेदन तहसीलदारांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचे आहे.

त्यासाठी बैठकीला येताना गेल्या खरीप आणि रब्बीच्या डिझेलच्या पावत्या सोबत आणाव्यात. ज्यांनी ट्रॅक्टर भाड्याने लावला त्यांनी नांगरट, कुळवणी, पेरणी आणि मळणीला एकरी काय दिले ते कागदावर लिहून आणावे. कापूसवाल्यांनी गाडीभाडे वेगळे लिहावे. पावती नसेल तर नुसता आकडा चालेल, पण वाढवून सांगू नये. परवानगी येईपर्यंत एक पत्रा आपण आपल्या खर्चाने रंगवून वरवंडला बैठकीच्या जागी, रस्त्यावरून दिसेल असा उभा करणार आहोत. पेंटर पंक्चरवाल्या काकांनीच सुचवला. वर्गणी माणशी दहा रुपये. मजकूर पावत्या पाहून बैठकीत ठरेल.